छातीतल्या हवेचे माप

जॉन हचिन्सन या इंग्रज शल्यवैद्याने १८४६ साली लंडनमध्ये एक दीर्घ निबंध प्रसिद्ध केला. श्वासातली हवा मोजणाऱ्या यंत्राचा, म्हणजे स्पायरोमीटरचा खरा इतिहास तिथून सुरू होतो. फुप्फुसातली हवा मोजण्याचे प्रयत्न त्याआधीही झाले होते. सतराव्या शतकात इटलीत बोरेलीने एका श्वासात आत येणारी हवा मोजली होती. १८०० च्या सुमारास हम्फ्री डेव्हीने हायड्रोजन श्वासातून आत घेऊन, पूर्ण श्वास सोडल्यावरही छातीत उरणारी हवा किती, याचा अंदाज घेतला होता. पण एकदोघांच्या छातीवरून निरोगी माणसाचे प्रमाण ठरत नाही. हचिन्सनने दोन हजारांहून अधिक माणसे मोजली: खलाशी, पोलीस, अग्निशामक दलाचे जवान, छापखान्यातले कामगार, मुष्टियोद्धे, निराधार गरीब आणि सुखवस्तू गृहस्थही.

त्याचे यंत्र साधे होते. पाण्याने भरलेल्या उभ्या पात्रात दुसरे पात्र पालथे घातलेले. त्याला दोऱ्या बांधून, कप्प्यांवरून नेऊन पलीकडे वजने लावलेली, म्हणजे ते अलगद वर उचलले जाई. मोजून घेणाऱ्याने कपडे सैल करायचे, ताठ उभे राहायचे, छाती भरून श्वास घ्यायचा आणि नळीतून शेवटच्या थेंबापर्यंत हवा सोडायची. पालथे पात्र जितके वर येई, तितकी हवा. ती पाण्यावर थंड होऊन आकसते, म्हणून तापमानाचा हिशेबही करावा लागे. वैद्यकीय महाविद्यालयांच्या शरीरक्रियाशास्त्र प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचे विद्यार्थी नाकाला चिमटा लावून ज्या पाण्याच्या स्पायरोमीटरमध्ये फुंकत आले, त्याची घडण मुळात हीच आहे.

पूर्ण श्वास घेऊन जास्तीत जास्त बाहेर टाकता येणाऱ्या या हवेला हचिन्सनने ‘व्हायटल कपॅसिटी’ हे नाव दिले. तिचा संबंध उंचीशी आहे, हा त्याचा सर्वांत मोलाचा शोध. पाच ते सहा फुटांच्या दरम्यान उंची एक इंच वाढली की ही क्षमता सरासरी ८ घनइंचांनी, म्हणजे सुमारे १३० मिलिलिटरने वाढते. छातीच्या घेराशी मात्र तिचा तसा मेळ बसेना. रुंद छातीचा माणूस दमदार, या समजुतीला आकड्यांनी दिलेला हा धक्काच होता.

क्षयाच्या निदानासाठी हे माप किती उपयोगी पडते, हे फ्रीमन या सुमारे सात फूट उंचीच्या अमेरिकन मुष्टियोद्ध्याने दाखवून दिले. १८४२ साली त्याची क्षमता ४३४ घनइंच भरली. दोन वर्षांनी ती बरीच उतरली होती आणि १८४५ मध्ये तो क्षयाने गेला. धडधाकट दिसणाऱ्या देहातला ऱ्हास आकडा आधी सांगू शकतो, हे पाहून हचिन्सनने आयुर्विम्याच्या तपासणीसाठीही स्पायरोमीटरचा पुरस्कार केला. पुढे १८५२ मध्ये तो ऑस्ट्रेलियाला गेला आणि १८६१ साली फिजीत वारला.

अटलांटिकपलीकडे, अमेरिकेत, याच यंत्राचा गैरवापर झाला. गुलामगिरीचा समर्थक डॉक्टर सॅम्युएल कार्टराइट याने काळ्या माणसांची फुप्फुसे गोऱ्यांपेक्षा सुमारे २० टक्के दुबळी असल्याचा दावा केला. यादवी युद्धातल्या सैनिकांच्या मोजमापांवर बेंजामिन गूल्डने १८६९ मध्ये काढलेल्या ग्रंथातही असाच फरक नोंदला गेला. कुपोषण, कोंदट निवारा आणि राबणुकीचे आयुष्य यांचा हिशेब न करता तो फरक जन्मजात ठरवला गेला. चूक यंत्राची नव्हती, तुलना करणाऱ्यांची होती.

हचिन्सनच्या मापात एक उणीव राहिली होती. हवा किती बाहेर येते हे त्यातून कळे, किती वेगाने येते हे कळत नसे. दम्याचा रुग्ण पुरेशी हवा सोडू शकतो, पण अरुंद श्वासनलिकांमुळे त्याला वेळ लागतो. १९४७ मध्ये फ्रान्समध्ये तिफनो आणि पिनेली यांनी जोराने सोडलेल्या श्वासातली पहिल्या सेकंदाची हवा वेगळी मोजण्याची पद्धत मांडली. दमा आणि दीर्घकालीन श्वासरोगांच्या तपासणीत आज हाच आकडा मुख्य असतो. श्वास सोडल्यावर आत उरणारी हवा मात्र नुसत्या स्पायरोमीटरने आजही मोजता येत नाही. त्यासाठी हेलियमसारखा वायू किंवा बंद पेटीतली तपासणी लागते.

कार्टराइट आणि गूल्ड यांनी नोंदलेला फरक जन्मजात मानून वंशानुसार अपेक्षित आकडा कमी धरण्याची रीत संगणकीय यंत्रांतही उतरली. काळ्या रुग्णांसाठी १० ते १५ टक्के, तर आशियाई रुग्णांसाठी ४ ते ६ टक्के घट धरली जाई. २०२३ मध्ये अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने वंशनिरपेक्ष समीकरणे वापरण्याची शिफारस केली. त्यामुळे पूर्वी ‘सामान्य’ ठरणारे काही रुग्ण आता फुप्फुसांची क्षमता घटलेले म्हणून नोंदले जातात.