प्राणवायूची नळकांडी आणि एव्हरेस्ट

समुद्रसपाटीला हवेचा दाब ७६० मिलिमीटर पाऱ्याइतका असतो, हे आपण वर्गात शिकवतोच. उंच जावे तसा हा दाब घटतो. हवेतील प्राणवायूचे प्रमाण मात्र २१ टक्केच राहते. (मुलांचा गोंधळ होतो तो नेमका इथे.) दाब कमी, म्हणून एका श्वासात मिळणारा प्राणवायू कमी. १८७५ साली ‘झेनिथ’ या बलूनमधून तिघे फ्रेंच आठ हजार मीटरच्या वर गेले. प्राणवायूच्या पिशव्या सोबत होत्या, पण त्या तोंडाशी नेण्याचेही त्राण उरले नाही. दोघे दगावले.

१९२२ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेत जॉर्ज फिंच या रसायनशास्त्रज्ञांनी प्राणवायूची नळकांडी नेली. पाठीवर सुमारे १४-१५ किलोंचे ओझे! कित्येकांना हा खेळातला लबाडपणा वाटला. फिंच विचारीत, मग उबदार कपडे आणि थर्मास कृत्रिम नव्हेत काय? त्या मे महिन्यात मॅलरी, नॉर्टन व सॉमरव्हेल प्राणवायूशिवाय सुमारे ८,२२५ मीटरपर्यंत पोचले. काही दिवसांनी फिंच आणि गिर्यारोहणात नवखे असलेले जेफ्री ब्रूस प्राणवायू घेऊन ८,३२० मीटरपर्यंत गेले. त्याआधी वादळात तंबूत अडकले असता रात्री थोडा प्राणवायू घेताच थंडीने आखडलेल्या अंगात ऊब आली. हे आम्हाला उंचीच्या आकड्यांहून बोलके वाटते. अन्नाच्या ज्वलनाला प्राणवायू लागतो, म्हणजे उष्णतेलाही तोच लागतो.

तरी १९२४ च्या मोहिमेतून फिंचना वगळण्यात आले. त्या वर्षी नॉर्टन प्राणवायूशिवाय सुमारे ८,५७० मीटरपर्यंत गेले आणि वाद चिघळतच राहिला. १९५३ साली तेनसिंग व हिलरी शिखरावर पोचले ते प्राणवायू घेऊनच. तेव्हा फिंच पुण्याला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक होते.

१९७८ साली मेसनर आणि हाबेलर यांनी प्राणवायूशिवाय शिखर गाठले. हे शक्य कसे झाले? १९८१ साली क्रिस पिझो यांनी शिखरावर दाब मोजला. तो २५३ मिलिमीटर भरला. प्रमाणित कोष्टकानुसार तो सुमारे २३६ असायला हवा होता. विषुववृत्ताकडे वातावरणाचा थर अधिक जाड असतो आणि एव्हरेस्ट २८ अंश उत्तरेवर आहे. तेच शिखर अलास्कात असते, तर नळकांड्याशिवाय तिथे पोचणे बहुधा अशक्यच ठरले असते.