जागा कोणाची? सिम्प्युटरपासून आजच्या फोनपर्यंत

गेल्या महिन्यात आईने आपल्या फोनमधील बाबांच्या साठीशांतीची छायाचित्रे पुसून टाकली. ‘फोन सारखा जागा नाही म्हणत होता,’ एवढेच तिचे स्पष्टीकरण. मी फोन हातात घेऊन पाहिले. ३२ जीबींपैकी जवळजवळ निम्मी जागा ‘सिस्टीम’ या एकाच शब्दाखाली जमा होती. कारखान्यातूनच आलेली कितीतरी अ‍ॅप्स तिने कधी उघडलीही नव्हती. त्यांतील बहुतेकांपुढे ‘काढून टाका’ हा पर्यायच नव्हता, होता तो फक्त ‘बंद करा’. ज्या वस्तूला हात लावण्याची मुभा होती तीच तिने घराबाहेर काढली, आणि ती नेमकी तिची स्वतःची होती.

फोनमधील जागेची टंचाई हा आपण रोजच्या वैतागाचा विषय मानतो. परंतु या टंचाईला इतिहास आहे, आणि त्यातील एक महत्त्वाचे पान भारतात, बंगळुरूमध्ये लिहिले गेले.

१९९९ साली भारतीय विज्ञान संस्थेतील स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि ‘एन्कोर’ या कंपनीतील विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी मिळून सिम्प्युटर न्यास स्थापन केला. साधा, स्वस्त, बहुभाषिक असा लोकांचा संगणक घडवणे हा त्यांचा संकल्प होता. २५ एप्रिल २००१ रोजी त्याचा पहिला नमुना जाहीर झाला. तळहातावर मावणाऱ्या त्या यंत्रात लिनक्स चालत असे. प्रोसेसर २०६ मेगाहर्ट्‌झचा, कामापुरती स्मृती ३२ एमबी, आणि कायमच्या साठवणीसाठी फ्लॅश स्मृती केवळ २४ एमबी. आज एखादे साधे अ‍ॅपही याहून अधिक जागा मागते. येथे मात्र संपूर्ण कार्यप्रणाली, स्पर्शपटलाची व्यवस्था आणि भारतीय भाषांत मजकूर दाखवण्याची व वाचून ऐकवण्याची सोय या सर्वांना तेवढ्याच जागेत नांदायचे होते.

त्यातच हे यंत्र एका माणसाचे नव्हते. दहा हजारांच्या आसपासची किंमत ग्रामीण कुटुंबाला परवडणार नाही, हे त्याच्या कर्त्यांना ठाऊक होते. म्हणून एक सिम्प्युटर गावातील अनेकांनी आळीपाळीने वापरावा, अशी कल्पना होती. मग प्रत्येकाची माहिती ठेवायची कोठे? शंभर माणसांचे तपशील २४ एमबींत कोंबण्याऐवजी त्यांनी यंत्राला स्मार्ट कार्डासाठी एक खाच दिली. आपले कार्ड घालायचे, काम करायचे, कार्ड खिशात टाकून घरी जायचे. कार्डाची क्षमता काही किलोबाइटांचीच होती, पण नाव, खाते, नोंदी यांना ती पुरेशी होती.

जागा मोकळी करण्याचा यापेक्षा स्वच्छ मार्ग मला आजवर आढळलेला नाही. यंत्राचे ते यंत्रात आणि माणसाचे ते माणसाच्या खिशात, अशी ही वाटणी होती. टंचाईतून जन्मलेल्या या उपायाने मालकीचा प्रश्नही जाता जाता सोडवला होता.

सिम्प्युटर चालला नाही. मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या सहकार्याने ‘अमिडा’ ही त्याची आवृत्ती बाजारात आली, परंतु विक्री काही हजारांच्या पलीकडे गेली नाही. सरकारी मागणी अपेक्षेइतकी आली नाही, आणि मोबाइल फोन झपाट्याने स्वस्त होत होते. यंत्र विस्मरणात गेले आणि त्याबरोबर ती वाटणीही.

पुढचा टप्पा फिनलंडचा. २००९ साली नोकियाने ‘एन९००’ हा लिनक्सवर चालणारा फोन आणला. त्याची एकूण साठवण तब्बल ३२ जीबी होती, आणि तरीही विकत घेणाऱ्यांना काही आठवड्यांतच ‘जागा नाही’ असा संदेश दिसू लागला. कारण त्यात दोन स्वतंत्र साठवणी होत्या. कार्यप्रणालीचे मूळ २५६ एमबींच्या लहान फ्लॅश चिपवर होते. ३२ जीबींची मोठी साठवण वेगळी होती. नवे अ‍ॅप लिनक्सच्या रूढीनुसार मुळातच जाऊन बसे. म्हणजे वाडा प्रशस्त, पण येणारा प्रत्येक पाहुणा देवघरातच पथारी टाकणार!

यावर तोडगा असा निघाला की मोठ्या साठवणीतील ‘होम’ विभागात ‘ऑप्ट’ नावाचे दालन ठेवायचे, अ‍ॅपचा जड भाग तेथे न्यायचा आणि मूळ ठिकाणी केवळ एक सिमलिंक ठेवायची. ‘दुकान येथून हलवले आहे, नवा पत्ता अमुक’ अशी पाटी आपण बंद दारावर पाहतो, तसेच हे. प्रणाली पाटी वाचते आणि मुकाट्याने नव्या पत्त्यावर जाते. विकासकांच्या जगात या स्थलांतराला ‘ऑप्टिफिकेशन’ असे नावच पडले, आणि अ‍ॅप अशा रीतीने बांधलेले असावे असा आग्रह धरला जाऊ लागला. उरलेले काम वापरकर्ते स्वतः करीत. स्थापनेनंतर मागे राहिलेली संचिका पुसणे, न लागणाऱ्या भाषांचे अनुवाद काढणे, टंक आणि दस्तऐवज पलीकडे नेणे, असे करीत एकेक एमबी ते वाचवत.

या खटाटोपाला एक कठोर मर्यादा होती. फोन सुरू होताना आधी मूळ जागे होते आणि ‘होम’ विभाग नंतर जोडला जातो. त्यामुळे आरंभीच लागणारी एखादी फाइल पलीकडे नेली, तर पाटी असते पण पत्ता अजून अस्तित्वात आलेला नसतो. फोन सुरूच होत नाही आणि सारी प्रणाली नव्याने भरावी लागते. तरीही यात एक गोष्ट मोलाची होती. चूक करण्याचा अधिकार वापरकर्त्यापाशी होता, कारण किल्ली त्याच्यापाशी होती.

अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सचाच. तेथे मात्र ही किल्ली हळूहळू हातातून गेली. २०१० मध्ये अ‍ॅपचा काही भाग मेमरी कार्डावर नेण्याची अधिकृत सोय आली. पण प्रणालीचा विभाग कायम कुलूपबंदच राहिला. त्याला सुरक्षेचे सबळ कारण आहे, हे मान्य केले पाहिजे. तो विभाग कोणी गुपचूप बदलू नये म्हणून आजचे फोन सुरू होतानाच त्याची गणिती मोहोर तपासतात. परंतु त्याच कुलपाआड उत्पादकाने लादलेली अ‍ॅप्सही सुरक्षित झाली. ती ‘बंद’ केली तरी मूळ प्रत विभागात तशीच राहते, आणि त्या विभागाची जागा आपल्या छायाचित्रांना मिळत नाही.

याची सर्वाधिक झळ भारतासारख्या देशाला लागली. १५ सप्टेंबर २०१४ रोजी ‘अँड्रॉइड वन’चे पहिले फोन भारतातच आले, किंमत ६,३९९ रुपयांपासून, साठवण ४ जीबी. त्यातून प्रणालीचा वाटा वजा होऊन उरेल ते आपले. डिसेंबर २०१७ मध्ये दिल्लीत गूगलने जागा मोकळी करणारे ‘फाइल्स गो’ अ‍ॅप आणले, आणि पुढे सुप्रभात संदेशांची चित्रे हुडकून पुसण्याची सोयही त्यात आली. जगभर आपल्या सुप्रभातांची थट्टा झाली. प्रणालीच्या वाट्याची चर्चा तेवढी झाली नाही.

ती अखेर २०२२ मध्ये झाली. २० ऑक्टोबर रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि आधीपासून बसवलेली आपली अ‍ॅप्स काढण्यास कंपनीने आडकाठी करू नये, असाही निर्देश दिला. मार्च २०२३ मध्ये अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला, मात्र काही निर्देश रद्द केले. त्यांत हाही होता. त्याच वर्षी जानेवारीत मद्रास आयआयटीच्या परिवारातून ‘भारओएस’ ही प्रणाली पुढे आली. आधीपासून एकही अ‍ॅप न लादणे हे तिचे घोषित तत्त्व आहे. ती किती पसरेल हा निराळा प्रश्न. पण ‘जागा कोणाची’ हा प्रश्न तिने पुन्हा पटलावर आणला, याचे मोल मी कमी मानत नाही.

२४ एमबींच्या यंत्राने माणसाची माहिती माणसाच्या हाती दिली. आजचे यंत्र त्याहून हजारपट मोठे आहे, आणि त्यात माझ्या आईला स्वतःच्या आठवणी पुसाव्या लागतात. म्हणजे टंचाई केवळ बाइटांची नव्हती.

बाबांची छायाचित्रे सुदैवाने मावशीच्या फोनमध्ये सापडली. मी ती दोन मेमरी कार्डांवर उतरवली. एक माझ्याकडे आहे. दुसरे आईने कुंकवाच्या डबीशेजारी, देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवले आहे.