पेशीचा पडदा

कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवलें म्हणजे भांड्याच्या तळाशीं पाणी सुटतें. उलट, वाळलेले मनुके रात्रभर भिजत घातले म्हणजे सकाळीं टपोरे होतात. हे प्रकार घरोघर पिढ्यान् पिढ्या पाहिलेले. परंतु त्यांमागील नियम हातीं येण्यास युरोपांतील विद्वानांस सुमारें एकशेंचाळीस वर्षें लागलीं. तो इतिहास आम्हांस मननीय वाटतो. कारण सजीव व निर्जीव यांची सीमा कोठें आहे, हा प्रश्न त्यांत गुंतलेला आहे.

इ. स. १७४८ मध्यें नोले या फ्रेंच पंडितानें मद्यार्कानें भरलेल्या कुपीचें तोंड मूत्राशयाच्या पापुद्र्यानें बांधून ती पाण्यांत बुडविली. कांहीं तासांनीं पापुद्रा फुगला, व टांचणी टोंचतांच आंतील द्रव कारंज्यासारखा उडाला. पुढें द्युत्रोशे या वैद्यानें हाच व्यापार वनस्पतींच्या व प्राण्यांच्या अंगीं पाहिला. जीवनगतीचें साक्षात् कारणच आपणांस गवसलें, असें त्यानें १८२६ त जाहीर केलें. तें विजेचें कार्य असावें हा त्याचा तर्क मात्र टिकला नाहीं.

द्रवांतील कण सदैव भटकत असतात, व दाटीकडून विरळाकडे पसरतात, हें विसरण. मध्यें असा पडदा आला, कीं जो पाण्यास वाट देतो पण साखरेस अडवितो, तर पाणीच साखरेकडे जातें; हें परासरण. १८७७ मध्यें फेफर या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञानें सच्छिद्र मातीच्या भांड्यांत रासायनिक पडदा बसवून हा दाब मोजला. शेंकडा एक साखरेच्या पाण्यानें पारा सुमारें ५३ सेंटिमीटर चढला. शेंकडा चारानें जवळजवळ चौपट. हे आंकडे डी व्ह्रीस याच्या तोंडून व्हांट हॉफ यास कळले. तितकीच साखर तितक्याच जागेंत वायुरूप असती तर जेवढा दाब देती, तेवढाच हा दाब आहे, असें त्यानें दाखविलें. १९०१ सालीं रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक त्यासच मिळालें.

म्हणजे ज्यास जीवनाचें रहस्य मानिलें, तें मातीच्या निर्जीव भांड्यांतहि सांपडलें! मग सजीवाचें वैशिष्ट्य कोणतें? त्याचें एक उत्तर १९९२ त मिळालें. पीटर अ‍ॅग्रे व त्याचे सहकारी यांनीं रक्तपेशींच्या पडद्यांतील एक प्रथिन बेडकाच्या अपक्व अंड्यांत निर्माण करविलें. तीं अंडीं सौम्य द्रवांत फुगून फुटलीं, इतर मात्र तशींच राहिलीं. तें प्रथिन म्हणजे पाण्याचें दारच होतें. या शोधाबद्दल अ‍ॅग्रे यास २००३ चें नोबेल पारितोषिक मिळालें.

नियम सर्वांस एकच. शुद्ध पाण्यांत रक्तपेशी फुगून फुटते. म्हणूनच शिरेंतून द्यावयाच्या पाण्यांत शेंकडा ०.९ मीठ मोजून घालतात. सृष्टीचा नियम पेशीस मोडतां येत नाहीं; परंतु दारें कोठें व किती ठेवावीं, हें ती ठरविते. जीवनाची स्वतंत्रता आम्हांस त्या दारांत दिसते.