लोंढ्याचे रूळ आणि जगाचे राजकारण

आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक राजधान्या व करारनामे पाहतात. आम्हां लोंढेकरांना ते राजकारण रुळांवर दिसले. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगाव बंदरापर्यंतच्या रेल्वेची वाट मोकळी झाली आणि लोंढा त्या मार्गावरचे जंक्शन बनले. १९५५ मध्ये गोव्यात शिरलेल्या सत्याग्रहींवर पोर्तुगिजांनी गोळीबार केला. भारताने सरहद्द बंद केली आणि कॅसलरॉकपलीकडे जाणाऱ्या गाड्या थांबल्या. त्याच वर्षी पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीकडे जाण्याच्या हक्काचा वाद हेगच्या न्यायालयात नेला. १९६० चा तो निकाल आजही अभ्यासला जातो. मात्र १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत ताटातूट झालेल्या सोयऱ्याधायऱ्यांची नोंद कोणत्या ग्रंथात सापडावी? ती आपल्या घरांतील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात आहे. वेळीच लिहून ठेवणे हे आपले कर्तव्य होय.