वांकड्या नळाचा इतिहास

राजवाडे, किल्ले आणि लढाया यांचा इतिहास लिहिणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाहीं. परंतु घरोघरीं सिंकखालीं जें एक वांकडें नळकांडें अंधारांत लोंबत असतें, त्याची पूर्वपीठिका विचारण्याची बुद्धि सहसा कोणास होत नाहीं. तें गळूं लागलें म्हणजे मात्र त्याची आठवण होते. खालीं बालदी ठेवावी लागते, कपाटांतले डबे बाहेर काढावे लागतात, आणि मग घरांतलेंच कोणी एक सोपा तोडगा सुचवितें: हें वळण हवेंच कशाला? प्लॅस्टिकची पन्हळी नळी बसवून तिचें टोंक जमिनींतल्या भोंकांत सोडलें कीं झालें! कित्येक कारागीरही हाच उपाय करून, पैसे मोजून घेऊन, चालते होतात. गळती थांबते हें खरें. पण त्या वळणाबरोबर घरांतून काय गेलें हें कळण्यास सुमारें अडीचशें वर्षें मागें जावें लागेल.

या वळणाचें पेटंट ज्याच्या नांवें आहे तो अलेक्झांडर कमिंग धंद्यानें घड्याळजी. जन्मानें स्कॉटिश, पण नांवारूपास आला लंडनमध्यें. तिसऱ्या जॉर्ज राजासाठीं त्यानें हवेच्या दाबाची नोंद आपोआप ठेवणारें एक घड्याळ केलें होतें. हवेची चढउतार ज्यानें कागदावर उतरविली त्यालाच हवेस अडविण्याची युक्ति सुचावी, यांत आम्हांस तरी नवल वाटत नाहीं. १७७५ सालीं त्यानें शौचकूपाचें पेटंट घेतलें व त्यांतील नळास इंग्रजी एस् अक्षरासारखा बांक दिला. वाहून जाणाऱ्या पाण्यापैकीं शेवटचें ओंजळभर पाणी त्या बांकांत अडकून राहतें. वरचें पाणी त्यास ढकलून खालीं जाऊं शकतें. खालची हवा मात्र त्यांतून वर येऊं शकत नाहीं. तीन वर्षांनीं जोसेफ ब्रामा यानें झडपेचा सुधारलेला शौचकूप काढला आणि त्याचा खपही मोठा झाला. परंतु झडप झिजते, तिच्यांत कचरा अडकतो, तिचें बिजागर गंजतें. पाण्याची झडप झिजत नाहीं, आणि प्रत्येक वापरासरशी ती आपोआप नवी होते. एवढा साधा दरवाजा दुसरा कोणता असेल?

तथापि या दरवाजाची खरी गरज पडली ती पाऊणशें वर्षांनंतर. पूर्वी लंडनांतील घरांची घाण घराखालच्या खड्ड्यांत सांठत असे. १८४२ सालीं एडविन चॅडविक यानें श्रमजीवी लोकांच्या आरोग्यावर आपला प्रसिद्ध अहवाल लिहिला. पुढें १८४८ पासून घरें गटारांस जोडण्याची सक्ती सुरू झाली. गटारें थेम्समध्यें सुटत. १८५८ च्या उन्हाळ्यांत त्या नदीस अशी दुर्गंधि सुटली कीं, पार्लमेंटचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्यें भिजवून टांगावे लागले. सभासदांच्या स्वतःच्या नाकापर्यंत प्रश्न येतांच त्यांस पैसा मंजूर करण्याची सुबुद्धि झाली, आणि जोसेफ बॅझलगेट या इंजिनियरानें शहराखालून विटांचीं प्रचंड भुयारी गटारें नेलीं. १८६५ सालीं क्रॉसनेस येथील पंपगृहाचें उद्घाटन युवराज एडवर्ड याच्या हस्तें झालें.

नदीचा प्रश्न सुटण्याच्या मार्गास लागला, पण घराचा बिकट झाला. घर गटारास जोडलें म्हणजे गटारही घरास जोडलें गेलें. स्वयंपाकघरांतील सिंक, नहाणीघरांतील बेसिन, प्रत्येकाचें भोंक त्या भुयाराचें एकेक तोंड झालें. १८७१ च्या हिवाळ्यांत हेंच संकट राजघराण्यावर कोसळलें. क्रॉसनेसला ज्याचे हात लागले तो युवराज स्कारबरो येथील एका उमरावाच्या वाड्यांत पाहुणा राहून आला व विषमज्वरानें अंथरुणास खिळला. त्याच वाड्यांत उतरलेला चेस्टरफील्डचा अर्ल त्या ज्वरानें मरण पावला. युवराजाचा मोतद्दारही गेला. युवराजाचा पिता दहा वर्षांपूर्वी, १४ डिसेंबर १८६१ रोजीं, याच रोगानें गेल्याचें वैद्यांनीं सांगितलें होतें. ती तिथि जवळ येऊं लागली तशी साऱ्या देशाची छाती धडधडूं लागली. युवराज वांचला. दोष मात्र वाड्याच्या गटारांतून वर येणाऱ्या वायूवर ठेवण्यांत आला, आणि इंग्लंडांतील सुखवस्तु कुटुंबें आपापल्या सिंकखालीं वांकून पाहूं लागलीं.

त्यांस काय दिसलें तें लीड्स येथील शस्त्रवैद्य प्रिजिन टील यानें १८७८ सालीं चित्रांसह छापलें. कोठें सिंकचा नळ सरळ गटारांत सोडलेला, कोठें वळण असूनही सांधा उघडा, कोठें नळ जमिनीखालींच फुटलेला. चांगल्या चांगल्या घरांची हीच कथा. शिवाय एक नवें गूढ कारागिरांस कोड्यांत पाडीत होतें. वळण शाबूत असूनही कधीं कधीं तें रिकामें सांपडे. वरच्या मजल्यावरून पाण्याचा मोठा लोंढा एकदम खालीं आला कीं तो आपल्यामागें हवा ओढतो, व त्या ओढीनें वळणांतलें पाणीही निघून जातें. म्हणून नळास छपरापर्यंत हवेची वाट ठेवण्याची पद्धति पडली.

येथें एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ही सारी खटपट ज्या सिद्धांतावर चालली होती तो चुकीचा होता. दुर्गंधि हाच रोग, असें चॅडविकचें मत. प्रत्यक्षांत विषमज्वर दूषित अन्नपाण्यांतून पसरतो; त्याचा जंतु १८८० सालीं एबर्थ यानें ओळखला. मुंबईनें या चुकीची किंमत वेगळ्या रीतीनें मोजली. १८९६ सालीं प्लेग आला तेव्हां अधिकाऱ्यांनीं समुद्राचें पाणी व कार्बोलिक ॲसिड सोडून गटारें धुऊन काढण्यास आरंभ केला; उंदीर आणि त्यांच्या अंगावरील पिसवा घरोघर फिरतच होत्या. पिसवांचा हा संबंध सीमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं पुढें मांडला. तेव्हां हवेचा सिद्धांत गेला तसें हें वळणही अडगळींत जावें, असें कोणी म्हणाला असता तर त्यास उत्तर देणें कांहीं काळ जड गेलें असतें.

उत्तर मिळालें तें २००३ सालीं, हाँगकाँगमध्यें. अमॉय गार्डन्स नांवाच्या उंच इमारतींच्या वसाहतींत मार्च महिन्याच्या अखेरीस सार्सचा ज्वर असा भडकला कीं तीनशेंहून अधिक रहिवासी आजारी पडले आणि कित्येक दगावले. पुष्कळसे रोगी एकाच इमारतींतले. चौकशींत असें दिसून आलें कीं, नहाणीघरांच्या जमिनींतील ट्रॅप कोरडे पडले होते. लोक फरशी धूत नसत, पुसून घेत. सुकलेल्या वळणांतून, पंख्यांच्या ओढीनें, सामाईक नळांतील रोगट तुषार घरांत शिरले. घराघरांतील मोऱ्यांत आठवड्यांतून एकदां अर्धा लिटर पाणी ओतावें, असें तेथील आरोग्यखातें नंतर लोकांस सांगूं लागलें. आपल्याकडे मोरीवर घागरी रित्या करणाऱ्या आजीबाईंना हा उपदेश करावा लागला नसता! मोरीच्या या ट्रॅपला आपले इंजिनियर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. इंग्रजींत लिहितांनाही त्यांनीं हें देशी नांव टाकलें नाहीं, हें आम्हांस फार आवडतें.

आतां गळतीकडे वळूं. सिंकमध्यें बूच लावून पाणी भरावें व खालीं पाहावें. बूच असतांनाच थेंब पडूं लागले तर दोष तळाच्या वेस्ट कपलिंगचा. सिंक व चकती यांमधला सांधा सुटला आहे. पूर्वी तो जवसाच्या तेलाच्या लांबीनें बसवीत व आट्यांवर सफेदा आणि सुतळी गुंडाळीत. आज रबरी वॉशर किंवा सिलिकॉन तें काम करतें. बूच काढल्यावरच गळत असेल तर खालचे नट पाहावे. गरम पाण्यानें व तेलकटपणानें तेथले वॉशर कडक होऊन चिरतात. नुसता नट आवळण्यांत अर्थ नाहीं, आणि प्लॅस्टिकचा नट पान्यानें जास्त पिळला तर त्याचे आटेच जातात. वॉशर बदलून हातानें घट्ट केला कीं बहुधा पुरे. गळती वळणाच्या तळाशीं असेल तर विशेष जपावें. मे महिन्यांत बिऱ्हाड गांवीं गेलें असतां तेथून थेंब थेंब पाणी निघून जातें, आणि परतल्यावर दार उघडतांच घर कुबट कां येतें तें कोणास उमगत नाहीं. वळणच फुटलें असेल तर नवें आणावें, पण वळणाच्या जागीं वळणच बसवावें. मग सिंक कांठोकांठ भरून बूच एकदम काढावें आणि प्रत्येक सांध्याभोंवतीं कोरडा कागद फिरवून पाहावा.