धाग्यांची नावे : कर्नलच्या नोंदवहीतला एक छोटा रकाना

लिनक्स चालवणाऱ्या कोणत्याही संगणकावर ‘पीएस’ ही आज्ञा देऊन सगळ्या प्रक्रियांची यादी मागवली, की नेहमीच्या प्रोग्रामांच्या जोडीला चौकोनी कंसांत बसलेली काही मंडळी दिसतात : केस्वॅपडी, केसॉफ्टआयआरक्यूडी, आणि केवर्कर तर डझनांनी. ही मंडळी कोण, आणि त्यांचे बारसे केले कोणी? आजचा धागा धाग्यांविषयीच आहे, म्हणजे कर्नलच्या पोटात चालणाऱ्या थ्रेड्सविषयी. इतिहास फार जुना नाही; पण नाव मिळणे, हरवणे आणि परत सापडणे, हे तिन्ही प्रसंग त्यात घडून गेले आहेत.

प्रथम थोडी पूर्वपीठिका. कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा. त्याच्या लेखी थ्रेड म्हणजे एक क्रमांक आणि मेमरीतला एक पत्ता. प्रोसेसरचा वेळ वाटून देताना त्याला नावाची गरज पडत नाही. गरज पडते ती माणसाला, आणि तीही बहुधा वाईट वेळी. यंत्र गोठते, किंवा कर्नल कोसळताना पडद्यावर शेवटचा मजकूर सोडून जातो. लिनक्सच्या त्या मजकुरात क्रमांकाशेजारी ‘कॉम’ अशी नोंद असते : त्या क्षणी प्रोसेसरवर कोण होते, याची. पुष्कळदा तपासाचा आरंभ त्या एका शब्दापासून होतो. इतिहासाच्या अभ्यासकाला शिलालेखातल्या राजाच्या नावाचे मोल जितके, तितकेच इथे या शब्दाचे.

युनिक्सच्या काळात हा प्रश्न गंभीर नव्हता. १९८६च्या ४.३ बीएसडीमध्ये कर्नलची स्वतःची माणसे मोजकीच : ‘स्वॅपर’, ‘पेजडीमन’. पुढे सोलारिसमध्ये ‘स्केड’, ‘पेजआउट’, ‘एफएसफ्लश’. चार माणसांच्या घरात कोण खोकले हे न पाहताही कळते.

लिनक्समध्ये या नावासाठी १६ बाइटचा रकाना आहे. शेवटचा बाइट समाप्तिचिन्हाचा, म्हणून हाती उरतात इंग्रजी लिपीतली १५ अक्षरे. हा आकडा लक्षात ठेवावा; पुढे तो त्रास देणार आहे. आरंभीच्या काळात कर्नल-थ्रेड जन्मल्यावर आपले नाव स्वतःच त्या रकान्यात लिहून घेई. लिहिणाऱ्या प्रोग्रामरला विसर पडला, तर थ्रेडला जन्मदात्याचेच नाव चिकटून राही. ‘इन्समॉड’ या आज्ञेने एखादा ड्रायव्हर आत घातला आणि त्याने नामकरणाविना थ्रेड सुरू केला, तर यादीत ‘इन्समॉड’ हेच नाव दिसणार. प्रत्यक्षात ती आज्ञा आपले काम संपवून केव्हाच निघून गेलेली असणार. निनावी असण्यापेक्षा हे वाईट, असे माझे मत आहे. कोऱ्या जागेने निदान दिशाभूल तरी होत नाही.

२००४मध्ये ऑस्ट्रेलियाचे रस्टी रसेल यांनी कर्नल-थ्रेड निर्माण करण्याची नवी रीत आणली. तिच्यात नाव हे निर्मितीच्या वेळीच द्यावे लागते. ते साच्याच्या रूपात देता येत असल्याने प्रोसेसरचा क्रमांकही त्यात गुंफता येतो : केसॉफ्टआयआरक्यूडी/०, केसॉफ्टआयआरक्यूडी/१. जी गोष्ट सौजन्यावर सोडलेली होती, ती आता नियमात आली.

विंडोजची त्या काळातली तऱ्हा मात्र सांगण्यासारखी आहे. तिथे थ्रेडला नाव द्यायचे तर प्रोग्राम मुद्दाम एक ‘एक्सेप्शन’ उभे करी. डीबगर जोडलेला असेल तर तो ते पकडून नाव टिपून घेई. नसेल, तर नाव हवेत विरून जाई. कर्नलकडे त्याची नोंदच नसे. डीबगर नंतर जोडला तरी उपयोग नाही. कर्नलनेच नाव जपून ठेवण्याची सोय २०१६च्या विंडोज १०मध्ये आली.

आता नाव हरवण्याचा प्रसंग. कर्नलमध्ये ‘नंतर करावयाची’ कामे रांगेत लावली जातात. त्या रांगांना वर्कक्यू म्हणतात. पूर्वी बहुतेक रांगा आपले स्वतःचे थ्रेड बाळगत, प्रत्येक प्रोसेसरमागे एक, आणि त्यांवर रांगेचे नाव असे : इव्हेंट्स/०, केब्लॉकडी/०. यादीवर नजर टाकताच कोणता विभाग कामात आहे हे कळे. पण प्रोसेसर वाढत गेले तशी ही फौजही फुगली. प्रक्रिया-क्रमांकांची मूळ मर्यादा सुमारे ३२ हजारांची. काही मोठ्या यंत्रांवर नुसते सुरू होतानाच ते सगळे क्रमांक संपून जात, असे कर्नलच्या दस्तऐवजांतच नमूद आहे.

तेजुन हो यांनी २०१०मध्ये, २.६.३६ या आवृत्तीत, ही व्यवस्था मुळापासून बदलली. सर्व रांगांसाठी एकच सामाईक मनुष्यबळ उभे राहिले. जो कामगार मोकळा असेल त्याने पुढचे काम उचलावे. निर्णय योग्यच होता. पण कामगार सर्वांचा झाल्यामुळे त्याला कोणा एका रांगेचे नाव देता येईना. त्याच्या छातीवर बिल्ला आला तो ‘केवर्कर/०:१’ असा : शून्य क्रमांकाच्या प्रोसेसरवरचा, एक क्रमांकाचा कामगार. कोणाचे काम करतो आहे, याविषयी मौन.

मग एखादा केवर्कर प्रोसेसरची सारी शक्ती खात असल्याचे दिसावे आणि दोषी ड्रायव्हर कोणता, सामान्य कार्यभार कोणता, हे कळू नये, असा अनुभव अनेकांना येऊ लागला. उपाय होते : रांगेत काम कोण टाकते याचा ट्रेस घेणे, किंवा त्या कामगाराचा स्टॅक वाचणे. पण ते जाणत्यांचे उपाय. २०१३मध्ये कर्नलच्या संकटकालीन मजकुरात कामगाराच्या हातातल्या कामाची माहिती छापली जाऊ लागली. २०१८च्या ४.१८ आवृत्तीत हो यांनीच नावाचीही भरपाई केली. आता यादीत ‘केवर्कर/०:१-इव्हेंट्स’ असे दिसते. मधले चिन्ह उणे असेल तर ती त्याने शेवटी हाताळलेली रांग. अधिक असेल तर काम या क्षणी चालू आहे. गंमत अशी की मूळ रकाना बदलतच नाही. कोणी विचारले की उत्तर तिथल्या तिथे जुळवले जाते.

पंधरा अक्षरांचा जाच आणखी काही वर्षे टिकला. ‘ईक्रिप्टएफएस-केथ्रेड’ हे नाव इंग्रजीत नेमके १६ अक्षरांचे. त्यामुळे शेवटचा ‘डी’ कापला जाऊन अनेक उबुंटू यंत्रांवर ते वर्षानुवर्षे बिनशेपटीचेच वावरले. रकाना रुंद करावा, तर तो प्रत्येक थ्रेडच्या नोंदीत आहे आणि बाहेरची कित्येक साधने १६ बाइटच गृहीत धरून बसलेली. अखेर २०२२च्या ५.१७ आवृत्तीत मध्यममार्ग निघाला : नाव मोठे असेल तर कर्नल-थ्रेडचे पूर्ण नाव वेगळ्या जागी साठवायचे, जुना रकाना तसाच ठेवायचा.

शेवटी या चौकोनी कंसांविषयी. ‘पीएस’ला एखाद्या प्रक्रियेची आज्ञा-ओळ रिकामी आढळली, की ते कॉममधले नाव कंसांत दाखवते. कर्नल-थ्रेडची ओळ रिकामीच असते, म्हणून कंस. हे ठाऊक असलेल्या भामट्यांनी मालवेअरला स्वतःच कंस लावून केवर्करचा वेष दिला आहे. ‘केडेव्हटीएमपीएफएस’ या खऱ्या थ्रेडच्या नावापुढे एक ‘आय’ जोडून वावरणारा कूटचलन-खाणकामाचा प्रोग्राम तर कुप्रसिद्धच आहे. अस्सल कर्नल-थ्रेडचा जन्मदाता सहसा २ क्रमांकाचा ‘केथ्रेडडी’ असतो, आणि ‘प्रॉक’मधला त्याचा ‘एक्झी’ हा दुवा कोणत्याही फाइलकडे नेत नाही. संशय आला, तर नाव वाचून थांबू नये. आधी हे दोन पुरावे पाहावेत.