काळा पट्टा आणि पासबुक

ब्लॅक सॅश ही दक्षिण आफ्रिकेतल्या गोऱ्या स्त्रियांची संघटना 19 मे 1955 रोजी जोहान्सबर्गमध्ये जन्माला आली. चहाला जमलेल्या सहा जणींनी ती सुरू केली. जीन सिंक्लेअर आणि रूथ फोली या त्यांतल्या दोघी. सगळ्या सुखवस्तू घरांतल्या, इंग्रजी बोलणाऱ्या, घरी स्वयंपाकाला आणि बागेला काळे नोकर असणाऱ्या. त्या दिवशी त्यांना संताप आला होता तो वर्णभेदाचा नव्हे, तर राज्यघटनेशी चाललेल्या लबाडीचा. पुढची चाळीस वर्षे ही संघटना पहिल्या गोष्टीकडून दुसऱ्या गोष्टीकडे नव्हे, तर दुसरीकडून पहिलीकडे सरकत गेली, आणि तिचा इतिहास वाचण्याजोगा आहे तो याच प्रवासामुळे.

लबाडी अशी होती. 1910 साली दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य झाले तेव्हा केप प्रांतातल्या ‘कलर्ड’, म्हणजे मिश्रवंशीय, पुरुषांचा मताधिकार घटनेतल्या एका संरक्षित कलमाने राखला होता. दोन्ही सभागृहांच्या एकत्र बैठकीत दोन तृतीयांश बहुमत मिळाल्याखेरीज त्याला हात लावता येत नसे. 1948 साली नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि 1951 साली तिने साध्या बहुमताच्या कायद्याने हे मतदार सामाईक यादीतून काढले. 1952 साली सर्वोच्च अपील न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. पुढे पंतप्रधान स्ट्रेडम यांच्या सरकारने दुसरी वाट काढली: बहुमत पुरत नसेल तर सभागृहच फुगवायचे. 1955 च्या सेनेट कायद्याने वरिष्ठ सभागृहातल्या जागा 48 वरून 89 वर नेल्या आणि वाढलेल्या जागांवर आपली माणसे बसवली.

केपमधल्या काळ्या आफ्रिकनांची नावे सामाईक मतदार यादीतून 1936 सालीच निघाली होती. त्या वेळी जोहान्सबर्गच्या उपनगरांत अशी कोणतीही संघटना उभी राहिली नव्हती. 1955 साली ती उभी राहिली, कारण या वेळी ओरखडा खुद्द घटनेवर उठत होता आणि घटना गोऱ्यांना आपली वाटत होती. संघटनेचे मूळ नावही ‘घटनारक्षणासाठी स्त्रियांचा संघ’ अशा अर्थाचे होते. सभासद व्हायला मताधिकार हवा, ही अट होती. स्त्रियांमध्ये तो फक्त गोऱ्यांना होता, तोही 1930 पासून. त्यामुळे रंगाची अट वेगळी लिहावी लागली नाही.

काही दिवसांतच या बायकांनी सुमारे एक लाख सह्या गोळा केल्या, जोहान्सबर्गच्या रस्त्यांवरून मोर्चा नेला आणि जूनअखेरीस प्रिटोरियातल्या सरकारी कचेऱ्यांसमोर, युनियन बिल्डिंग्जच्या पायऱ्यांवर, रात्रंदिवस पहारा दिला. त्याच महिन्याच्या 25 आणि 26 तारखांना जोहान्सबर्गजवळच्या क्लिपटाउनमध्ये सर्व वर्णांचे प्रतिनिधी जमून स्वातंत्र्याची सनद मंजूर करत होते. एकीकडे जुनी घटना वाचवण्याची धडपड, दुसरीकडे नवा देश कसा असावा याची मांडणी. दोन्ही जागांमध्ये मोटारीने तासाभराचे अंतर. पण बहुतेक गोऱ्या घरांत क्लिपटाउनची बातमीही धड पोहोचली नाही.

नाव मिळाले ते पट्ट्यामुळे. घटनेच्या भल्यामोठ्या प्रतिकृतीवर शोक म्हणून काळी पट्टी टाकली गेली, आणि मग सभासद बायका तोच पट्टा खांद्यावरून आडवा घेऊन उभ्या राहू लागल्या. वृत्तपत्रांनी लांबलचक नाव टाकून ‘ब्लॅक सॅश’ म्हणायला सुरुवात केली. त्यांच्या निदर्शनाची रीत ठरलेली होती. डोक्यावर टोपी, हातांत मोजे, चर्चला जातानाचा पोशाख, मान किंचित खाली, आणि तोंडातून शब्द नाही. मंत्री विमानतळावर उतरो, रेल्वे स्थानकावर येवो, संसदेत शिरो, दाराच्या दोन्ही बाजूंना या बायका रांगेने उभ्या असत. घोषणा देणाऱ्या जमावाला पोलीस लाठीने हटवू शकतात. मुकाट उभ्या असलेल्या, आपल्या आईच्या वयाच्या गोऱ्या बाईला हात लावणे त्या समाजात अवघड होते. मंत्री मागच्या दाराने निसटू लागले. रस्त्यावरची पोरे टवाळी करत, अंगावर अंडी फेकत. यात थोडे नाटक होतेच, पण नाटक चालत होते ते गोऱ्या कातडीच्या बळावर. हेच काळ्या स्त्रियांनी केले असते तर त्याच दिवशी त्यांची रवानगी कोठडीत झाली असती.

1956 साली फुगवलेल्या सेनेटच्या जोरावर कलर्ड मतदार सामाईक यादीतून गेले. लढाई हरली. दहा हजारांच्या आसपास गेलेली सभासदसंख्या झपाट्याने घसरली. कागद वाचवायला आलेल्या बऱ्याच जणी कागद गेल्यावर घरी गेल्या. उरलेल्यांपुढे प्रश्न होता की आता उभे राहायचे ते कशासाठी.

उत्तर त्यांच्या स्वतःच्या स्वयंपाकघरात होते. 1952 च्या एका कायद्याने, ज्याच्या नावात ‘पास रद्द करणे’ असे शब्द होते, काळ्या माणसांच्या सगळ्या जुन्या पासांची जागा एका ‘संदर्भ पुस्तिके’ने घेतली. लोक तिला ‘डोमपास’ म्हणत, म्हणजे मूर्ख पास. (पासाचा जाच तिथल्या भारतीयांनाही ठाऊक होता. ऑगस्ट 1908 मध्ये गांधींच्या नेतृत्वाखाली त्यांनी जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीसमोर दोन हजारांहून अधिक नोंदणीपत्रे जाळली होती.) पुस्तिकेत फोटो, बोटांचे ठसे, कराच्या पावत्या, कामाची नोंद, राहण्याच्या परवानगीचे शिक्के. आणि एका पानावर दर महिन्याला मालकाची सही. ही सही घरकामाच्या बाबतीत बहुधा मालकीणबाई करत. सही राहिली, शिक्का पुसट झाला, पुस्तिका घरी राहिली, तर रस्त्यावर अडवून अटक. शहरात राहण्याचा हक्क नागरी क्षेत्र कायद्याच्या दहाव्या कलमावर अवलंबून असे: त्या शहरात जन्मून सतत तिथेच राहिलेला, किंवा एकाच मालकाकडे सलग दहा वर्षे काम केलेला, किंवा पंधरा वर्षे कायदेशीर राहिलेला. नसेल तर मुक्काम फक्त 72 तास. या कायद्यांखाली दर वर्षी काही लाख माणसे पकडली जात.

स्त्रियांवर पास लादायला 1950 च्या दशकात सुरुवात झाली तेव्हा 9 ऑगस्ट 1956 रोजी सुमारे वीस हजार स्त्रिया त्याच युनियन बिल्डिंग्जवर चालून गेल्या. पुढे लिलियन एन्गोयी, रहिमा मूसा, सोफिया विल्यम्स आणि हेलन जोसेफ. हेलन जोसेफ गोऱ्या होत्या; त्यांनी काळ्या चळवळीच्या आत, तिच्या शिस्तीखाली काम केले आणि त्याची किंमत राजद्रोहाच्या खटल्याने व नजरकैदेने मोजली. गोऱ्या साथीदाराचा हा एक मार्ग झाला. ब्लॅक सॅशचा मार्ग कमी धोक्याचा, कमी शौर्याचा, आणि कंटाळवाण्या कामाचा होता.

पासाच्या गुन्ह्यात पकडलेल्या बायकांची मुले घरी उपाशी राहत. त्यांना जामीन मिळवून देण्यासाठी केप टाउनमध्ये निधी उभा केला गेला आणि त्यातून 1958 साली अॅथलोन वस्तीत पहिले सल्ला केंद्र सुरू झाले. मग जोहान्सबर्ग आणि इतर शहरांतही. केंद्राचे स्वरूप साधे होते. बाकांवर सकाळपासून बसलेली माणसे, एक टेबल, टेबलाच्या एका बाजूला सॅशची स्वयंसेविका आणि तिच्या शेजारी दुभाष्या. माणूस पुस्तिका पुढे करी. बाई पान न् पान उलटून तारखा उतरवून घेई: कामाला कधी लागला, कधी सुटला, कोणत्या महिन्याची सही नाही, कोणता शिक्का कोणत्या कचेरीचा. मग मालकाला पत्र, कचेरीला फोन, कधी बरोबर जाऊन खेटे. पुष्कळदा उत्तर एवढेच असे की कायद्यात तुमच्यासाठी काही नाही. ते तोंडावर सांगणे हेही त्या टेबलावरचे काम होते.

जीन सिंक्लेअर यांची मुलगी शीना डंकन (1932–2010) या कामात मुरली. पुढे दोनदा ती संघटनेची अध्यक्ष झाली. तिला कायद्याची पदवी नव्हती. पण पासाच्या कायद्यातले पोटकलम न् पोटकलम तिला ठाऊक होते, आणि त्यावर साध्या भाषेतल्या पुस्तिका तिने लिहिल्या. सॅशच्या बायका घटनेविषयी जे 1955 साली बोलत होत्या ते पुस्तकी होते. 1965 साली जे बोलत होत्या ते बाकावर बसलेल्या माणसाकडून शिकलेले होते.

1963 साली सभासदत्व सर्व वर्णांच्या स्त्रियांना खुले झाले. फारशा काळ्या स्त्रिया आल्या नाहीत, आणि का याव्यात? अशा उदारमतवादी गोऱ्यांवर सर्वांत धारदार टीका काही वर्षांनी काळा विद्यार्थी नेता स्टीव्ह बिको याने केली. गोऱ्या विद्यार्थ्यांचे वर्चस्व असलेल्या विद्यार्थी संघातून काळे विद्यार्थी बाहेर पडले आणि त्यांनी 1969 साली स्वतःची संघटना काढली. तिच्या पत्रकात ‘फ्रँक टॉक’ या टोपणनावाने बिको लिहीत असे. त्याचे म्हणणे असे की गोरा उदारमतवादी विशेषाधिकाराचे सगळे फायदे उपभोगतो, आणि वर काळ्यांनी कसे व किती लढावे हेही ठरवतो. त्याने आपल्या गोऱ्या समाजात जाऊन लढावे. काळ्यांचा प्रवक्ता होऊ नये. बिको सप्टेंबर 1977 मध्ये पोलिसांच्या ताब्यात मेला.

हा ठोसा सॅशलाही लागू होता. काळ्या लोकांच्या वतीने निवेदने काढण्याची खोड तिलाही होती. मात्र सल्ला केंद्राचे टेबल या टीकेतून बऱ्यापैकी सुटते, कारण तिथे काय हवे ते समोरचा सांगत होता आणि बाई लिहून घेत होती. आणि कायदा गोऱ्यांचा, कारकून गोरे, भाषा त्यांची. त्या भिंतीला आतून ठोकणे हे गोऱ्यांचेच काम होते.

रस्त्यावर उभे राहणेही हळूहळू कठीण झाले. 1973 च्या कायद्याने केप टाउनच्या संसदेभोवती निदर्शनांना बंदी आली आणि 1976 च्या सोवेटो उठावानंतर देशभर उघड्यावरच्या जमावावर बंदी घातली गेली. यावर सॅशचा तोडगा असा की एकटी बाई म्हणजे जमाव नव्हे. मग एकेक जण फलक घेऊन, दुसरीपासून बऱ्याच अंतरावर, रहदारीच्या रस्त्याकडेला उभी राही.

सल्ला केंद्रांत वर्षानुवर्षे साचलेल्या तक्रारींचे सर्वांत ठोस फळ दोन खटल्यांत दिसते. गुगुलेतूत राहणाऱ्या वेली कोमानी याला शहरात राहण्याचा हक्क होता, पण त्याच्या बायकोला ‘भाडेकरूचा परवाना’ नाही म्हणून हाकलले जात होते. 1980 साली अपील न्यायालयाने म्हटले की कायदा बायकोला नवऱ्याबरोबर राहण्याचा हक्क देत असताना नियम करून तो काढून घेता येणार नाही. दुसरा मेहलोलो टॉम रिखोटो. जर्मिस्टनमध्ये एकाच मालकाकडे त्याने दहा वर्षे यंत्र चालवले. पण करार वर्षाचा, आणि दर वर्षी गावी जाऊन तो नव्याने करून आणावा लागे. कचेरी म्हणे, काम सलग नाही. म्हणजे कायद्याने जी फेरी सक्तीची केली, तीच त्याच्याविरुद्ध पुरावा. 30 मे 1983 रोजी न्यायालयाने रिखोटोच्या बाजूने कौल दिला. लीगल रिसोर्सेस सेंटरचे वकील कोर्टात होते; असे कितीक रिखोटो आहेत हे मात्र केंद्रांच्या वह्यांत नोंदले होते. 1986 साली पासाचे कायदे रद्द झाले. त्याचे श्रेय सॅशचे नव्हे. लाखो माणसे परवान्याशिवाय शहरात येत राहिली आणि कायदा राबवणे अशक्य झाले.

1980 च्या दशकात संघटना आणखी पुढे गेली. पश्चिम ट्रान्सवालमधले मोगोपा गाव उठवणार असे कळल्यावर 1983 च्या अखेरीस तिच्या सभासद गावकऱ्यांबरोबर जाऊन राहिल्या. 14 फेब्रुवारी 1984 रोजी पोलिसांनी गाव हलवलेच. 1983 च्या अधिवेशनात तिने गोऱ्या तरुणांवरच्या सक्तीच्या लष्करी सेवेला विरोध करणारा ठराव केला. म्हणजे आता प्रश्न स्वतःच्या मुलांचा होता. ईस्टर्न केपमधली सभासद मॉली ब्लॅकबर्न काळ्या वस्त्यांत पोलिसांच्या मारहाणीच्या तक्रारी गोळा करत फिरे. 28 डिसेंबर 1985 रोजी मोटार अपघातात ती गेली. पोर्ट एलिझाबेथला तिच्या अंत्ययात्रेला सुमारे वीस हजार लोक आले, आणि त्यांत बहुसंख्य काळे होते.

11 फेब्रुवारी 1990 रोजी सुटकेनंतरच्या पहिल्या भाषणात नेल्सन मंडेला यांनी ब्लॅक सॅशचे नाव घेऊन गौरव केला आणि तिने गोऱ्यांच्या सदसद्विवेकाचे काम केले असे म्हटले. 1995 साली सभासदांची संघटना विसर्जित झाली. पगारी कर्मचाऱ्यांची संस्था उरली, तिच्या कामाचा भार आता काळ्या दक्षिण आफ्रिकनांवर होता. 2017 साली सुमारे 1 कोटी 70 लाख सरकारी अनुदाने वेळेवर मिळतील की नाही अशी वेळ आली तेव्हा घटना न्यायालयात गेलेल्या अर्जावर ब्लॅक सॅशचे नाव होते. 17 मार्चला निकाल लागला आणि 1 एप्रिलला वृद्धांचे आणि मुलांचे पैसे थांबले नाहीत.